निम्मं हौसाबाईचं

बाईंनी माझा नवा साबण दोऱ्यानं कापला, तेव्हा मला त्यांच्या घरी राहायला येऊन एक दिवसही झाला नव्हता. मी साबण वेष्टनासकट मोरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि टॉवेल आणायला खोलीत गेले. परत आले तर बाई दोऱ्याचं एक टोक दातात धरून वडी मधोमध कापत होत्या.

"हा तुझा," म्हणून त्यांनी एक तुकडा माझ्यापुढे धरला आणि दुसरा स्वतःच्या साबणदाणीत टाकला. "माझा कालच संपला."

"बाई, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग कशाला वेळ घालवायचा?"

दौंडला स्टेशनच्या पलीकडे, रुळांना लागून असलेल्या एका आळीत बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत त्या आणि दुसरीत माझ्यासारखी कुणीतरी शिकायला आलेली मुलगी. गाडी गेली की फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. बाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही. गावातली बरीचशी कर्तीसवरती माणसं त्यांच्या हातून पट्टी खाऊन मोठी झालेली. त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. बाई म्हणजे बाई.

घरात जे एक असेल त्याचे दोन करायचे, हा त्यांचा धर्म. केळं अर्धं. चहा अर्धा. वर्तमानपत्र घरात आलं की घडीवर टरकन फाडायच्या. पहिलं पान ज्याला मिळालं त्याला शेवटचं नाही. मी एकदा एका खुनाच्या बातमीचा शेवट मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "थांब, माझं वाचून झालेलं नाही. मलाही सुरुवात माहीत नाहीये. तू मला सुरुवात सांग." आणि खरोखरच आम्ही दोघी तो खून एकमेकींना सांगत बसलो.

एसटीत तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आधी बसलेल्यांना वाटायचं, म्हातारी स्वतःसाठी जागा करतेय. ते कुरकुरत सरकायचे. बाई मग मागे उभ्या असलेल्या एखाद्या पाटीवालीला बसवून आपण उभ्या राहायच्या, आणि सरकलेल्यांकडे असं बघायच्या की त्यांनी पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेरच पाहावं.

एकदा घरात चोर शिरला. दोन पितळी हंड्यांपैकी एक घेऊन गेला. मी पोलिसात जायला निघाले. बाई म्हणाल्या, "एक ठेवलाय ना? मग माणूस वाईट नाही."

पण त्या नुसत्या देणाऱ्या होत्या असं समजू नका. त्या घ्यायच्याही. आळीत कुणाकडे आंब्याची पेटी आली की लोक ती पलंगाखाली ढकलायचे, कारण बाईंना वास लागला तर त्या टोपली घेऊन दारात यायच्या आणि अर्धे मोजून न्यायच्या. त्यातले अर्धे पुढच्या घरी. लोक चिडायचे, पण तोंडावर बोलायची हिंमत एकाच बाईची होती. समोरच्या घरातली हौसाबाई.

"बाई, घरातलं काय बी न्या," ती ओट्यावरून ओरडायची, "माजा म्हातारा तेवढा ऱ्हाऊंद्या. निम्मा न्यायचा म्हणला तर कंचा निम्मा न्याल? वरचा का खालचा?"

"कामाचा असेल तो नेईन."

"मग त्यो सबंद इथंच ऱ्हातोय!"

हौसाबाई धनगराची. तरुणपणी मेंढरांमागं चालून चालून, घाट उतरून परत घाट चढून तिचे गुडघे झिजले होते. आता थोडी जमीन, थोडी मेंढरं, आणि मुलगा पाटसकडे ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर. बाईंचे गुडघे फळ्यापुढे उभं राहून गेले. संध्याकाळी दोघी समोरासमोरच्या ओट्यांवर पाय पसरून बसायच्या आणि कुणाचा गुडघा जास्त वाजतो यावर भांडायच्या.

मला बाई आवडायच्या, त्याचं कारण माझ्या बापात आहे. मी मांडवगण फराट्याची. आमच्या घरात देवाच्या फोटोंइतकीच चळवळीची पत्रकं होती. वडील सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून बाजारच्या दिवशी वाटायला जायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. 'अ' अननसातला नाही, अन्यायातला. पण पत्रकात लिहिलेलं जगणारं माणूस मला कुठे भेटलं नव्हतं. सभेत समता सांगणारे घरी ताटातलं तूपसुद्धा बायकोला वाढू देत नव्हते. बाईंनी कधी पत्रक वाचलं नव्हतं आणि त्या साबण कापत होत्या. मला वाटलं, सापडलं.

मग आमच्या भागात शिबिराचे फलक लागले. मोफत सांधेरोपण शिबिर. फलकावर शिबिर भरवणाऱ्या साहेबांचा एवढा मोठा हसरा चेहरा आणि खाली कोपऱ्यात एक बारीकसा गुडघा. नावनोंदणी शिरूरला, ऑपरेशन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. हौसाबाईच्या मुलानं तिचं नाव घातलं. बाईंना मी म्हणाले, तुम्हीही घाला.

"मला पेन्शन आहे," त्या म्हणाल्या. "मी फुकटात शिरले तर रांगेतली एक हौसा बाहेर राहील."

त्यांनी साठवलेले पैसे काढले आणि त्याच दवाखान्यात, त्याच आठवड्यात, भरून ऑपरेशन करून घेतलं. त्यांच्यासाठी वेगळी खोली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नर्सला सांगितलं, मला जनरल वॉर्डात हौसाबाईशेजारची कॉट द्या. नर्सला वाटलं, भुलीचा अंमल उतरला नाही. "आजी, तुम्ही पैसे भरलेत." "म्हणूनच सांगतेय. निम्मी खोली रिकामी ठेवून झोप लागत नाही मला." शेवटी त्या वॉर्डात आल्या. मी भेटायला गेले तेव्हा दोघी आपापल्या बांधलेल्या पायांकडे बघत होत्या आणि हौसाबाई म्हणत होती, "आता वाजंना झालाय की वो. भांडायचं कशावं?"

घरी सोडायच्या दिवशी मी तिथे होते. एक तरुण डॉक्टर बाईंच्या कॉटपाशी आला, स्टुलावर बसला आणि नीट समजावून सांगू लागला. अशा ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्त गोठून गाठ होऊ शकते. ती गाठ सुटून वर फुप्फुसात गेली तर बसल्या बसल्या माणूस जातो. म्हणून रक्त गोठू न देणारं हे इंजेक्शन घरी गेल्यावरही रोज पोटाच्या कातडीत घ्यायचं. दिलेले दिवस पुरे करायचे, एकही चुकवायचं नाही. चालायचं, पाय हलवायचे. पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर ताबडतोब यायचं. त्यानं बाईंना स्वतःच्या हातानं टोचायलाही शिकवलं.

मग तो उठला, हौसाबाईच्या कॉटवर औषधं लिहिलेला एक कागद ठेवला आणि पुढे गेला. शिबिराचा बिल्ला लावलेल्या एका पोरानं तो कागद तिच्या एक्स-रेच्या पिशवीत घातला. "मावशी, गोळ्या घ्या येळच्या येळी. झालं तुमचं. साहेबांना आशीर्वाद द्या." हौसाबाईनं हात जोडले.

हे सगळं मी पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

पुढे मी गावी गेले. परत आले तेव्हा बाई वॉकर घेऊन अंगणात चालत होत्या. मला पाहून हसल्या. पण चाल बरोबर नव्हती. ऑपरेशनचा पाय त्या ओढत होत्या. लुगडं वर करायला लावलं तर पोटरी फुगून तुकतुकीत झालेली, हात लावला तर गरम.

"चालून सुजलाय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यावर सूज असतेच."

"गुडघा नाही सुजलाय बाई. पोटरी सुजलीय."

मी पळत जाऊन आळीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांना घेऊन आले. तेही बाईंचे विद्यार्थी. त्यांनी पाय पाहिला, पोटरी हलकेच दाबली. बाईंनी ओठ चावला. डॉक्टरांचा चेहरा पार बदलला.

"बाई, इंजेक्शन चालू आहे ना?"

"आहे की."

"रोज?"

"एक दिवस मी. एक दिवस हौसा."

आधी मला काही कळलंच नाही. डॉक्टरांनाही कळलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, स्वच्छ आवाजात, वर्गात उत्तर सांगावं तसं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. हौसाबाईला इंजेक्शन मिळालंच नव्हतं. तिच्या पिशवीत नुसता कागद होता. एकीला पुरं आणि एकीला काहीच नाही, हे बरोबर नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या खोक्याचे दोन भाग केले.

 

"बाई," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, "हे काय लाडू आहेत? दोघींत वाटले तर दोघींचं निम्मं पोट भरेल? एक दिवस रक्त आवरायचं आणि एक दिवस मोकळं सोडायचं? यानं दोघींपैकी एकीचंही धड रक्षण होत नाही!"

"ओरडू नकोस. तिला काहीच देत नव्हते ते चाललं तुम्हा लोकांना?"

"मला सांगायचं होतं! मी काहीतरी केलं असतं!"

दारात वॉकरचा आवाज आला. हौसाबाई उभी होती. तिचा दिवस होता तो. ती इंजेक्शन घ्यायला आली होती.

"डाक्टर, काय म्हनता?" तिनं विचारलं. "दवाखान्यानं दोगींची एकातच दिली हायती ना? बाईंनी तसं सांगितलं मला. एक दिसाआड घ्यायचं म्हनल्या."

 ती बाईंकडे वळली.

"म्हंजी ती माजी न्हवती?"

"तुझी-माझी काय त्यात," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वाट्याची काढून माज्या प्वाटात घातली व्हय? आन् तुमचा पाय असा फुगला?" हौसाबाई वॉकर रेटत आत आली. "मला इचारलं का वो? मी काय भिकारीन हाय? माज्या दावणीला बोकड हाय, मेंढरं हायती. एक इकून सबंद खोकं आनलं असतं मी. तुमी मला सांगितलं असतं ही असली चीज हाय, ही न घेतली तर मानूस मरतं, तर आनलं नसतं का? त्या शिबिराच्या पोरानं सांगितलं न्हाई, त्या डाक्टरनं सांगितलं न्हाई. त्यांचं जाऊंद्या. तुमी बी न्हाई सांगितलं?"

 बाई आपल्या फुगलेल्या पायावर लुगडं ओढून घेऊ लागल्या.

जीप करून आम्ही दोघींनाही पुण्याला नेलं. वाटेत बाईंना सरळ झोपवलेलं होतं आणि हौसाबाई त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. दर थोड्या वेळानं विचारायची, "दम लागतोय का?" बाई मान हलवायच्या. "बोला की तोंडानं. मानंवर इस्वास न्हाई माजा." 

पायाच्या सोनोग्राफीत बाईंच्या शिरेत गाठ निघाली. हौसाबाईच्या पायात काही नव्हतं. ते तिचं नशीब. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण औषध घेऊनही एखाद्याला गाठ होते, त्यामुळे वाटणीनंच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण जी आड होती ती भिंत तुम्ही स्वतः निम्मी पाडलीत, असं ते म्हणाले. बाईंना तिथेच ठेवून घेतलं आणि जास्त जोराची औषधं सुरू झाली. हौसाबाईच्या मुलानं त्याच दिवशी तिचं स्वतःचं खोकं आणलं. बोकड विकला की उचल घेतली, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं आम्हाला विचारू दिलं नाही.

माझं डोकं पेटलं होतं. मी ठरवलं, पत्रक काढायचं. त्यात बाई असणार होत्या: शिबिरानं वाऱ्यावर सोडलेल्या शेजारणीला स्वतःच्या जिवावर उदार होऊन आपलं औषध देणारी शिक्षिका. मथळासुद्धा तयार होता. फक्त शिबिरातल्या आणखी काही पेशंटांशी बोलावं म्हणून मी शिरूरच्या बाजूला गेले. एका गावात विचारलं, दुसऱ्यात विचारलं. इंजेक्शन? कुणाला ठाऊकच नव्हतं. गोळ्या घेतल्या म्हणाले. काहींनी दुखणं थांबल्यावर त्याही सोडल्या होत्या.

केंदूरला शिबिरातल्या एका आबांच्या घरी गेले तर ओसरीवर नवा वॉकर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याचं प्लॅस्टिकही नीट निघालं नव्हतं. सून बाहेर आली. मी आबांना भेटायला आलेय म्हणाले.

"आबा गेलं की. सुतक फिटलं."

"कशानं?"

"अटॅक आला. बरं व्हतं वो. पाय बी चांगला चालला व्हता, जरा सुजला व्हता तेवढाच. हितंच बसलं व्हतं च्या पीत. दम लागतोय म्हनलं आन् कलंडलं. कप बी फुटला न्हाई, मांडीवंच पडला."

मी तिला इंजेक्शनबद्दल विचारलं.

"कसलं इंजेक्शान?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, "का वो ताई? काय ऱ्हायलं व्हतं का द्यायचं?"

मी तिला काय सांगायचं? त्या आबांना काय झालं ते कुणी तपासलं नव्हतं. अटॅक म्हणून त्यांना जाळून झालं होतं. गाठच असेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आजही नाही. पण जी गोष्ट बाईंना स्टुलावर बसून समजावली गेली, ती त्या घरात पोचलीच नव्हती, एवढं मी शपथेवर सांगते. 

पुण्याला जाऊन मी बाईंना सांगितलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. सुजलेला पाय उंचावर ठेवलेला. पूर्ण ऐकून घेतलं. आबांचं वय विचारलं. घरात कोण कोण आहे विचारलं. मग म्हणाल्या, "तुझं ते पत्रक वाच."

मी वाचलं. मथळा ऐकूनच त्यांनी हात वर केला.

"फाड."

"बाई, का?"

"खोटं आहे. मी जिवावर उदार वगैरे झाले नव्हते. मला वाटलं, निम्म्यात भागेल. आयुष्यभर भागत आलंय." त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "आणि त्याहून वाईट सांगू? हौसाला औषध मिळालं नाही, हे मला त्या वॉर्डातच कळलं होतं. मी तिथे बोंब मारली असती तर तिला एकटीला नाही, त्या रांगेतल्या सगळ्यांना मिळालं असतं. केंदूरच्या त्या माणसालाही. मी काय केलं? गुपचूप माझ्यातलं काढून दिलं. त्यांची चूक मी माझ्या पदराखाली घेतली. त्यांना वाटलं, सगळं ठीक चाललंय."

"चूक त्यांची आहे बाई."

"त्यांची आहेच. ती लिही. आणि खाली लिही की एका बाईनं ती झाकली. माझं नाव घाल. कुणाला माहीत नसेल तर मी सांगते."

पत्रक बाईंनी सांगितलं तसं छापलं. पुढचं शिबिर शिरूरला एका मंगल कार्यालयात होतं. बाई घरी आल्या होत्या. पायात घट्ट मोजा, गोळ्या चालू, दर काही दिवसांनी रक्ताची तपासणी. डॉक्टर नको म्हणत असताना त्या आल्या. हौसाबाईही आली. पुण्याहून परतल्यापासून ती बाईंशी बोलत नव्हती. जीपमध्ये ती पुढे बसली, बाई मागे.

मंडपात खुर्च्या भरलेल्या. सगळ्यांचे गुडघे दुखणारे. व्यासपीठावर संयोजक माइकवरून साहेबांचं औदार्य सांगत होते. बाई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

"घरी सोडल्यावरचं औषध कोण देणार?"

संयोजकांनी ओळखलं. पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ते गोड हसले. "बाई, आम्ही ऑपरेशन मोफत म्हणालो होतो. आणि तुमचं तर पैसे भरून झालंय. तुमचा या शिबिराशी काय संबंध? पेशंटची काही तक्रार असेल तर पेशंटनं बोलावं."

 मी पुढे सरसावले. माझ्याकडे अख्खं भाषण तयार होतं. बाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की वळ उठले. मग त्या वळल्या आणि मागच्या खुर्चीवर बसलेल्या हौसाबाईला म्हणाल्या,

"हौसा, तू बोलतेस का? नको असेल तर राहू दे."

 हौसाबाईनं वॉकर बाजूला सारला, खुर्चीच्या दांडीला हात टेकला आणि सावकाश उभी राहिली.

"माजं फुकटातलं हाय सायब," ती म्हणाली. माइक नव्हता, पण मेंढरांना ओढ्यापलीकडून हाक मारणारा गळा तो. "मला कुनी सांगितलं न्हाई का ते इंजेक्शान न घेता मानूस मरतं. केंदूरचा एक गेला. हितं बसलेल्या समद्यांना आदी ते सांगा. सांगा का ऑपरेशान तुमी देनार, आन् जीव ज्याचा त्यानं आनायचा. मग ज्याला बसायचं त्यो बसंल, ज्याला उठायचं त्यो उठंल."

मंडपात कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजारच्याला विचारू लागला, कसलं इंजेक्शन? त्या शेजाऱ्यानं पलीकडच्याला विचारलं. संयोजकांनी एका पोराला खूण केली. तो वही घेऊन हौसाबाईकडे धावला.

"मावशी, तुमचं म्हणणं लिहून घेतो. नाव सांगा."

"लिवू नगंस," हौसाबाई म्हणाली. "इंजेक्शान दे. समद्यांना."